अठराव्या तासाची सायकल

सायकलच्या दुकानात कार्बन फ्रेमपुढे उभा राहिलेला माणूस आधी काय करतो? टॉप ट्यूबखाली, म्हणजे सांगाड्याच्या वरच्या नळीखाली, दोन बोटं घालतो आणि सायकल उचलून बघतो. चेहरा उजळतो. विक्रेताही तेवढ्यासाठीच थांबलेला असतो. आठ-साडेआठ किलोची वस्तू दोन बोटांवर तोलली जाते यात मोह आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याला दोनशे, तीनशे, चारशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करायच्या आहेत, त्याने ती सायकल खाली ठेवावी आणि थोडं गणित करावं.

पोलादपूरहून अंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं तर साधारण ४० किलोमीटरांत १३०० मीटर चढावं लागतं. एक किलो वजन १३०० मीटर वर न्यायला सुमारे १२,७५० ज्यूल लागतात. १५० वॅट हा हौशी पण सराव असलेल्या स्वाराचा दिवसभर पुरणारा जोर. त्या जोरावर ही ऊर्जा ८५ सेकंदांत निघते. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीऐवजी एक किलोने हलकी कार्बन सायकल घेतली, तर अख्खा घाट चढूनही पुरतं दीड मिनिट वाचत नाही. दोनशेच्या ब्रेव्हेत एकंदर २००० मीटर चढ धरला तरी बचत सव्वादोन मिनिटांच्या आतच, आणि ती ब्रेव्हे पुरी करायला साडेतेरा तास दिलेले असतात. दुसरा चहा टाळला तरी याहून जास्त वेळ हाती लागतो.

मग कार्बन घ्यायचाच कशाला? प्रश्न रास्त आहे. धातूच्या नळीची ताकद सगळ्या दिशांना सारखी असते, कार्बनची तशी नसते. एकाच दिशेने धागे असलेल्या, रेझिनमध्ये, म्हणजे त्यांना बांधून ठेवणाऱ्या राळेत, आधीच भिजवलेल्या पट्ट्या साच्यात एकावर एक रचून फ्रेम घडते, आणि कुठल्या थरात धागा कुठे वळवायचा हे रचणारा ठरवतो. नळीच्या लांबीच्या दिशेने घातलेले धागे वाकण्याला विरोध करतात, ४५ अंशांत तिरपे घातलेले पिळाला. त्यामुळे पायडलांमधला बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पायडलांचा आस फिरतो तो, भाग ताठ ठेवायचा आणि सीटकडचा जरा सैल सोडायचा, हे एकाच फ्रेममध्ये साधतं. बाहेरून दिसणारी चटईसारखी वीण मात्र बहुतेक वेळा शोभेपुरती असते. काम करतात ते तिच्याखालचे थर.

जाहिरातीत टी ७००, टी ८०० असे आकडे मिरवले जातात. टी ७०० धाग्याचा ताठरपणा २३० गिगापास्कल, टी ८०० चा २९४, आणि एम ४० जे नावाचा धागा ३७७ वर जातो. पण ताठरपणा वाढतो तशी तुटण्याआधी ताण खाण्याची ताकद घटते. टी ७०० सुमारे २.१ टक्के ताणला गेल्यावर तुटतो, एम ४० जे १.२ टक्क्यांवरच. महाग फ्रेम हलकी होते ती अशाच धाग्यांच्या जोरावर. थर कमी लागतात, नळीची भिंत पातळ होते. टपरीच्या दगडी कट्ट्यावर सायकल आडवी झाली तर यातली कुठली फ्रेम बरी, हे वेगळं सांगायला नको. माझं मत विचाराल तर कंपनीच्या यादीतली मधली फ्रेम घ्यावी. वरच्या फ्रेमचा साचा बऱ्याचदा तोच असतो. फरक धाग्यांचा, एक-दोनशे ग्रॅमचा आणि किमतीचा.

दुकानातल्या बऱ्याचशा कार्बन सायकली शर्यतीच्या घराण्यातल्या असतात, हेही लक्षात ठेवायला हवं. १९८६ साली ग्रेग लेमाँने कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली आणि पुढच्या काळात हे घराणं इतकं हलकं होत गेलं की २००० साली शर्यतीच्या सायकलीचं वजन ६.८ किलोच्या खाली नको, असा नियम करावा लागला. मात्र शर्यतीतल्या स्वाराच्या मागे गाडी असते, गाडीच्या टपावर दुसरी सायकल असते आणि गाडीत मेकॅनिक बसलेला असतो. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) दोघांच्या संघाने पुरी केली, तेव्हा त्यांच्याही दिमतीला पूर्ण क्रू होता. ब्रेव्हेचा नियम नेमका उलटा आहे. कंट्रोल, म्हणजे हजेरीचे ठरलेले थांबे, सोडून वाटेत कुठेही आपल्या माणसांची मदत घ्यायची नाही. जे मोडेल ते आपणच, रस्त्याच्या कडेला, खिशातल्या हत्यारांनी दुरुस्त करायचं. शर्यतीसाठी बेतलेल्या फ्रेममध्ये या माणसाचा विचार कुणी केलेला नसतो.

तीनशेला २० तास मिळतात, चारशेला २७, सहाशेला ४०. सकाळी सहाला सुटलेल्या चारशेचा अठरावा तास रात्री अकराला सुरू होतो. तोवर तळहात बधिर झालेले असतात, मान वर धरवत नाही, हायवेच्या कडेचा खडबडीत पट्टा दाढांपर्यंत जाणवतो आणि समोर आणखी एक घाट असतो. सायकल निवडायची ती या तासासाठी. दुकानाबाहेरच्या पाच मिनिटांच्या चकरेत सगळ्याच कार्बन सायकली छान वाटतात.

म्हणून आधी बघायचे ते भूमितीच्या तक्त्यातले दोन आकडे, स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. साइझच्या आकड्यावर विसंबू नये; एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५२ सारखी निघते. स्टॅकला रीचने भागावं. ५४५ भागिले ३८५ म्हणजे १.४२, ही शर्यतीची सायकल. ५८० भागिले ३८० म्हणजे १.५३, ही लांब पल्ल्याची, जिला एंड्युरन्स म्हणतात. तक्त्यावर फरक साडेतीन सेंटिमीटर उंचीचा दिसतो. अठराव्या तासाला तोच मानेत उतरतो.

“स्पेसर घालून हँडल वर घेऊ की,” असं दुकानात हमखास सांगतात. स्पेसर म्हणजे हँडलखाली घालायच्या कड्या. घेता येतं, पण काही मर्यादेपर्यंतच. हेड ट्यूब तिरपी असल्यामुळे हँडल १० मिलिमीटर वर गेलं की सुमारे ३ मिलिमीटर मागेही येतं. तीन सेंटिमीटर स्पेसर घातले तर रीच जवळजवळ एक सेंटिमीटरने कमी झाली, मग लांब स्टेम (हँडल धरणारा तुकडा), मग बदललेलं स्टिअरिंग, असं एकातून एक निघत जातं. शिवाय फोर्कची, म्हणजे गल्लीतला सायकलवाला ज्याला चिमटा म्हणतो त्याची, वर आलेली दांडी कार्बनचीच असते. तिच्यावर किती उंचीपर्यंत स्पेसर चालतात याची हद्द कंपनीने घालून दिलेली असते, बहुधा तीन ते चार सेंटिमीटर. योग्य फ्रेमवर योग्य माणूस एक-दोन सेंटिमीटर स्पेसरमध्ये बसतो. त्याहून जास्त लागत असतील तर फ्रेमच चुकली आहे, मग ती कितीही सवलतीत मिळत असो.

चाकांमधलं अंतर आणि चेनस्टेची, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीची, लांबीही त्याच तक्त्यात असते. शर्यतीच्या सायकलीत चेनस्टे ४०५ ते ४१० मिलिमीटर, लांब पल्ल्याच्या सायकलीत ४१५ ते ४२५. लांब सायकल वळायला जरा आळशी वाटते. झोप अनावर झालेल्या माणसाला तो आळशीपणा मानवतो, कारण ती आपली आपण सरळ चालते. लहान साइझ घेणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. हळू वेगात चाक पूर्ण वळवलं तर बुटाचं टोक पुढच्या टायरला घासतं का? चढावर यू-टर्न घेताना माणसं पडतात ती यामुळे, आणि मडगार्ड लावल्यावर हे अंतर आणखी घटतं.

आता टायर. आरामाबद्दल फ्रेमच्या नावाने जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं श्रेय टायरचं असतं. खड्ड्याचा धक्का रस्त्यापासून पाठीपर्यंत येतो तो स्प्रिंगांच्या साखळीतून, आणि त्या साखळीत सर्वांत मऊ स्प्रिंग सर्वांत जास्त दबते. टायर कित्येक मिलिमीटर दबतो. सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या दांडीचा, कॉलरबाहेर आलेला भाग एखाद-दोन मिलिमीटर वाकतो. फ्रेम उभ्या दिशेने मिलिमीटरभरही हलत नाही. म्हणून २५ मिलिमीटर टायर कसाबसा बसणारी महागडी फ्रेम आणि ३२ बसवून वर जागा उरणारी मध्यम फ्रेम यांत निवड करायची झाली, तर मी तरी दुसरीच घेईन. फ्रेम आणि टायरमध्ये दोन्ही बाजूंना किमान ४ मिलिमीटर मोकळे हवेत. कोकणातली लाल माती पावसात टायरला चिकटते, चेनस्टेच्या आत साचते आणि चाक फिरेल तशी सॅंडपेपरसारखी फ्रेम घासत राहते. रंग जातो, मग क्लिअर कोट, मग धागे. एका ओल्या राइडमध्ये तिथे खाच पडू शकते. खरेदीच्या दिवशीच चेनस्टेच्या आतल्या बाजूला जाड पारदर्शक फिल्म चिकटवून घ्यावी.

हवा किती भरायची हा वादाचा विषय, पण सुरुवातीला धरायला आकडे लागतातच. ७५ किलोच्या स्वारासाठी २८ च्या टायरमध्ये मागे ७० ते ७५ पीएसआय, ३२ मध्ये ५५ ते ६०, आणि पुढच्या चाकात तीन ते पाच कमी. बाजूच्या भिंतीवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नसते. नवी कार्बन चाकं घेताना रिमला आतून टायरची कड धरणारा हुक आहे का, ते विचारा. बिनहुकाच्या रिमवर फक्त तिला चालणारे ट्यूबलेस टायर बसतात आणि हवा ७२ पीएसआयच्या वर भरायची नसते. वजनदार स्वार, पाठीवर सामान आणि २८ चा टायर असा योग जुळला तर ही मर्यादा लगेच आडवी येते. ट्यूबलेसचा फायदा आपल्या हायवेवर खरा आहे. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा कडेच्या पट्ट्यात विखुरलेल्या असतात आणि सायकलीची निम्मी पंक्चर त्यांचीच असावीत असं वाटतं. आत भरलेलं सीलंट नावाचं द्रव अशी भोकं चालत्या गाडीत बुजवतं. पण प्रत्येक टायरमध्ये ३० ते ४० मिलिलिटर भरलेलं सीलंट आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत आटतं. न बघता निघालेल्या माणसाच्या टायरमधून मग रबराची वाळकी साय निघते. ट्यूबलेस असलं तरी दोन ट्यूब आणि टायर फाटला तर आतून लावायला ठिगळ, हे सोबत असावंच.

ब्रेक डिस्कचेच घ्यावेत. कार्बन रिमवर घासणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक घाटात का नकोत, हे पुन्हा अंबेनळीच सांगेल. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरलं आणि १३०० मीटर उतरलो, तर साडेअकरा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चार लिटरच्या आसपास पाण्याला आधण येईल एवढी ती होते. यातली बरीच वारा खातो, पण वळणावळणाच्या, खड्ड्यांच्या घाटात वेग धरता येत नाही म्हणून ब्रेकच्या वाट्याला जास्त येते. रिम ब्रेकमध्ये ही उष्णता थेट कार्बनला बांधून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये शिरते. ते मऊ पडलं की टायरच्या दाबाने रिमची कड बाहेर फाकते किंवा आतली ट्यूब फुटते. पावसात तर कार्बन रिमवर ब्रेक लागायलाच वेळ जातो.

डिस्कलाही पथ्य आहे. पुढे १६० मिलिमीटरची चकती हवी. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. जोरात दाबायचा, सोडायचा, तेवढ्यात चकतीला वारा लागतो. पॅडवरचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा. चिखलपाण्यात रेझिन पॅड भराभर झिजतात, म्हणून पावसाळी ब्रेव्हेला एक जोडी खिशात. सायकल बसच्या पोटात टाकायला चाकं काढली तर पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा घालावा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि पहाटे साडेपाचला, सुरुवातीच्या जागी, चाक बसेना म्हणून पळापळ होते.

गिअरच्या बाबतीत मराठी पुरुषांचा अहंकार आड येतो. “३४ चा कॅसेट? तो तर म्हाताऱ्यांचा!” कॅसेट म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच. पुढे ३४, मागे ३४ दात आणि पायडल मिनिटाला ६० फेरे, तर वेग ताशी ७.७ किलोमीटर. तेच ९० किलो ८ टक्के चढावर या वेगाने न्यायला, हवा आणि घर्षण सोडून, १५० वॅट लागतात. मागे २८ दातच असतील तर त्याच ६० फेऱ्यांना वेग ९.३ होतो आणि लागतात १८२ वॅट. म्हणजे एकतर ताकदीबाहेर ढकलायचं किंवा पायडल ४९ वर आणून गुडघ्यावर उभं राहायचं. पहिल्या घाटात हे जमतं. म्हणून क्रँक, म्हणजे पायडलांकडच्या चकत्या, ५०-३४ आणि कॅसेट ११-३४, त्याहून मोठा मिळाला तर सोडू नये. बऱ्याच शर्यतीच्या सायकलींवर ५२-३६ आणि ११-३० असतं. खरेदीच्या वेळी बदलून मागावं, नंतर तोच बदल महाग पडतो.

गिअर तारेचे की विजेवरचे? थकलेल्या बोटांना विजेचे मऊ लागतात यात शंका नाही. शिमानोच्या डीआयटू प्रणालीत एक मुख्य बॅटरी असते. ती संपत आली की आधी पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, थांबतो, मग मागचा, त्यामुळे पुढचा मुका झाला की समजून जावं. बारा गिअरच्या डीआयटूत हँडलवरच्या लिव्हरमध्ये सीआर १६३२ सेल असतो. स्रॅमच्या लिव्हरमध्ये सीआर २०३२. दुसरा सेल तालुक्याच्या घड्याळवाल्याकडे सापडतो, पहिल्याची खात्री नाही. दोन सेल पाकिटात ठेवले की वाद मिटला. तारेचे गिअर भरवशाचे म्हणतात, पण त्यांचाही एक ओळखीचा रोग आहे. शिमानोच्या अकरा गिअरच्या लिव्हरमध्ये मागच्या डिरेलरची तार डोक्यापाशी एकेक धागा करून तुटत जाते. गिअर पडायला कुरकुर सुरू झाली की समजावं, पूर्ण तुटली तर तिचं डोकं लिव्हरच्या पोटात अडकून बसतं. चार-पाच हजार किलोमीटरला दोन-तीनशे रुपयांची तार बदलणं हा त्यावरचा उपाय, आणि तो तीनशेच्या आदल्या आठवड्यात नव्हे तर त्याही आधी, म्हणजे नवी तार ताणून स्थिर होते.

खरेदीत सर्वांत कमी विचारला जाणारा आणि नंतर सर्वांत जास्त छळणारा प्रश्न असा: ही सायकल खोलायची कशी? हल्ली ब्रेकच्या नळ्या हँडलमधून, स्टेममधून आणि हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या, बेअरिंगच्या मधून फ्रेममध्ये शिरतात. दिसायला सुंदर, वाऱ्यालाही थोडी वाट मिळते. पण वरच्या बेअरिंगवर दिवसभर घाम ठिबकतो, खालच्यावर पुढचं चाक पाणी उडवतं. आपल्या पावसात ती वर्षा-दोन वर्षांत गंजतात. नळ्या बाहेरून आलेल्या सायकलीत बेअरिंग बदलणं अर्ध्या तासाचं काम. आतून गेलेल्या असतील तर ब्रेकच्या नळ्या सोडवायच्या, पुन्हा जोडायच्या, तेल भरायचं, हवा काढायची, आणि हे जाणणारा मेकॅनिक शोधायचा. स्टेमखालून जाऊन फ्रेममध्ये शिरणाऱ्या नळ्या ही मधली वाट. अशी सायकल मिळत असेल तर घ्यावी. नाहीच मिळाली तर दर पावसाळ्यानंतर हेडसेट उघडून ग्रीस भरून घ्यायचा खर्च हिशेबात धरावा.

बॉटम ब्रॅकेटचंही तसंच. आट्यांचा, म्हणजे बीएसए किंवा टी ४७ मापाचा, असेल तर घट्ट बसतो, पान्याने निघतो. दाबून बसवायचा प्रेसफिट असेल तर फ्रेमचं भोक किंचित जरी वाकडं-तिकडं असलं तरी काही महिन्यांत करकर सुरू होते. फार नुकसान होत नाही. पण रात्रभर प्रत्येक पायडलला येणारा तो आवाज माणसाला वेडं करतो, आणि पुष्कळदा तो बॉटम ब्रॅकेटचा नसून सीटपोस्टचा किंवा थ्रू-अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या आरपार जाणाऱ्या दांडीचा, असतो, हे तीन दुकानं पालथी घातल्यावर कळतं. आधी अ‍ॅक्सल काढा, पुसा, ग्रीस लावा, मग सीटपोस्ट, मग क्रँककडे जा. चाकांत साध्या वाकड्या डोक्याच्या तारा आणि त्या आवळायचे, बाहेरून दिसणारे निपल असावेत. निपल रिमच्या आत दडलेले असले तर चाकाचा नुसता आऊट, म्हणजे डुगडुग, काढायलाही टायर उतरवावा लागतो. आपल्या मापाच्या दोन-तीन जास्तीच्या तारा घरी आणून ठेवाव्यात. डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, मात्र बरोबरच, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि वाटेतल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही.

सीटपोस्ट गोल, २७.२ मिलिमीटरचा असेल तर कुठलाही दुसरा बसतो, बॅगेचा पट्टाही नीट आवळतो. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे पोस्ट बरेचदा फ्रेमच्या आत लपलेल्या पाचरीने धरलेले असतात. मागे तीन-चार किलोची बॅग लटकवून खड्ड्यांतून दीडशे किलोमीटर गेलं की ते मिलिमीटर मिलिमीटर खाली बसतात, आणि गुडघे दुखायला लागल्यावर ध्यानात येतं. कार्बनच्या पोस्टला ग्रीस लावू नये. बारीक रवाळ कार्बन पेस्ट लावावी, टॉर्क पान्याने छापलेल्या आकड्याइतकाच आवळावा. बहुतेक ठिकाणी तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. कॉलरपाशी इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवला की पोस्ट सरकला का ते टॉर्चच्या उजेडातही दिसतं. “हाताला अंदाज आहे” म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या हाती एल-की देऊ नये. कार्बन जास्त आवळल्याची तक्रार लगेच करत नाही, आत चीर पडते आणि कधीतरी नंतर बोलते. हँडल कार्बनचं असेल तर त्यावर एअरोबार (कोपरं टेकवायच्या पुढच्या दांड्या) लावायला कंपनीची परवानगी आहे का, तेही मॅन्युअलमध्ये वाचावं. मी हँडल अ‍ॅल्युमिनियमचंच सुचवेन; ते पडलं तर वाकतं, आणि वाकलेलं दिसतं.

समुद्राकाठी राहणाऱ्यांनी, म्हणजे मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या सगळ्यांनी, एक गोष्ट जास्त जपावी. कार्बन वीज वाहतो. कार्बनला अ‍ॅल्युमिनियम टेकलं आणि मधे खारं पाणी किंवा घाम आला की एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. कार्बन फ्रेममधला अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट दोन वर्षं काढला नाही तर पांढऱ्या भुकटीने असा चिकटतो की कापून काढावा लागतो. बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूभोवती रंगाला फोड आले तर तोच रोग. दर तीन महिन्यांनी पोस्ट बाहेर काढून पुसला, बाटलीचे स्क्रू काढून पुन्हा हलके बसवले, तर हे टळतं. पावसातून आल्यावर पोस्ट काढून सायकल उलटी धरली की फ्रेममधून वाटीभर पाणी निघतं, ते निराळंच.

सेकंडहँड कार्बन घ्यावा का? घ्यावा, पण दिवसाउजेडी आणि पोस्ट बाहेर काढून. टॉर्चने आत बघावं. फोर्क उतरवून चिमट्याच्या दांडीवर, स्टेम बसतो तिथे, दाबल्याच्या खुणा आहेत का ते पाहावं. तपासायच्या जागा म्हणजे हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबचा (खालच्या तिरप्या नळीचा) सांधा, बॉटम ब्रॅकेटच्या भोवती, चेन अडकून खरवडते ती चेनस्टे, आणि टॉप ट्यूबच्या दोन्ही बाजू. पडताना हँडल गर्रकन फिरून तिथेच आपटतं. टॉप ट्यूबची भिंत काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर असते, म्हणून तिच्यावर बसून फोटो काढणाऱ्यांना बघून जीव खालीवर होतो. नाण्याने हलकेच ठोकत जावं. चांगला भाग टणटण वाजतो, आतून थर सुटलेला भाग भद्द. जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून डाव्या-उजव्या सारख्याच जागांची तुलना करावी, आणि आवाज चांगला आला म्हणजे फ्रेम निर्दोष असंही धरू नये. नवा कोरा रंग दिलेली जुनी फ्रेम स्वस्त का आहे, हा प्रश्न रंगाखाली असतो. चीर दुरुस्त होते, चांगला कारागीर नव्या थरांनी ती भक्कम करतो. फोर्कची दांडी आणि हँडल यांना मात्र दुसरी संधी देऊ नये. दात वाचवायचे आहेत.

आणि सायकल घेतलीच, तर दुकानदाराला त्याच दिवशी चिमट्याची दांडी कापू देऊ नका. वर आलेली दांडी आणि स्टेमच्या डोक्यावर चढवलेले दोन-तीन स्पेसर वाईट दिसतात, मित्र हसतात, हसू द्यावं. आधी दोन दोनशे करून घ्याव्यात, एखादी तीनशे. हँडल कुठल्या उंचीला हवं ते शरीर तेवढ्यात सांगतं, आणि पुष्कळदा ते पहिल्या आठवड्यात वाटलं त्याहून एक स्पेसर वर असतं. मग मोजून खूण करावी, खुणेवर टेप गुंडाळावा, बारीक दात्यांच्या ब्लेडने पाणी शिंपडत कापावं, म्हणजे धूळ छातीत जात नाही. कापलेली कड पॉलिश पेपरने घासावी. दांडीच्या आत बसणारा प्लग परत घालायला विसरू नये. वरच्या स्पेसरच्या कडेपासून दांडी दोन ते तीन मिलिमीटर खाली राहिली पाहिजे, नाहीतर टोपी कितीही आवळली तरी हेडसेट खडखडत राहतो.